नावं ठेवणारी

कॅल्डर नदीकाठच्या आमच्या गावात, टाऊन हॉलच्या तळमजल्यावर
एकतीस वर्षं मी नावं ठेवते आहे.
म्हणजे लिहिते. रजिस्टरात,
लिहिताना फिकट आणि वाळली की काळीठिक्कर होणाऱ्या
सरकारी शाईनं.

तसं नावं ठेवल्याशिवाय नाव पडतच नाही,
हे या खोऱ्याला माझ्या आधी सात-आठशे वर्षं ठाऊक होतं.
एकाच्या पोटऱ्या मेंढीसारख्या काटकुळ्या,
तो शीपशँक्स.
दुसरा गुत्त्यात बसून पाणी मागायचा,
तो ड्रिंकवॉटर.
शेजाऱ्यांनी केलेली चेष्टा
करवसुलीच्या कारकुनानं जशीच्या तशी टिपून घेतली,
आणि तीच पतवंडांच्या दप्तरावर
आयांनी लाल दोऱ्यानं शिवली.

मी थर्झा बॅक्स्टर.
त्यातलं शेवटचं 'स्टर' मुळात बाईचं.
भट्टीपाशी उभी कुणी एक, कोपरापर्यंत पिठात,
तिचं स्वतःचं नाव कुठल्याच कागदात नाही,
पण तिचा धंदा माझ्या बापआज्यांनी
दाढीमिशांसकट जन्मभर मिरवला.
मला पाव जमत नाही.
माझा पाव दाराला टेकू म्हणून बरा.
नवरा गेला तेव्हा त्याचं आडनावही घेऊन गेला,
तेवढं एक नीट नेलं त्यानं.

मंगळवारी एकजण आला, पन्नाशीचा, टोपी हातात.
वडिलांच्या मृत्यूची नोंद.
नाव?
सेप्टिमस वॉकर.
सातवे का?
सातवे. जगलेले तिघंच.
मग तो हसला. या खुर्चीत बसून माणसं तसं हसतात,
रडू आडवाटेनं येतं तेव्हा.
'वॉकर,' म्हणाला, 'आणि शेवटची बावीस वर्षं चाकाच्या खुर्चीत.
पबमध्ये स्वतःच सांगायचे,
देवाला विनोद कळतो म्हणून.'

मी पेन खाली ठेवलं. नियमात बसत नाही हे,
बाहेर दोन तान्ही आलटूनपालटून रडत होती.
तरी सांगितलं,
वॉकर म्हणजे चालणारा नव्हे हो.
म्हणजे चालणाराच, पण कुठेही न पोचणारा.
मागावरून उतरलेली लोकर हौदात टाकायची,
वर शिळं मूत, माफ करा, पण तेच ओतायचे,
आणि अनवाणी पायांनी तुडवायची,
उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, एकाच जागी,
कापड दाट होईस्तोवर.
दक्षिणेत त्यालाच फुलर म्हणतात, डेव्हनकडे टकर.
वास तेवढा सगळीकडे सारखा.

तो बराच वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.
'गिरणीत होते ते,' म्हणाला.
'ओल्या खात्यात. यंत्रात कापड घोटून घट्ट करायचं.
छत्तीस वर्षं.
आई त्यांना मागच्या दारानं आत घ्यायची,
वासामुळं.'
आणि थोड्या वेळानं,
'त्यांना कुणी सांगितलं नाही हे.'

व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं: गिरणी कामगार, निवृत्त.
रकाना तेवढाच असतो.
त्यानं सही केली. वॉकरमधला शेवटचा आर
ओळ सोडून खाली घसरला.
जाताना दाराशी थांबून
त्यानं एकदा स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

मग पुढचं जोडपं.
मुलगा, सहा दिवसांचा. नाव?
मेसन, बाप म्हणाला.
'अर्थबिर्थ काही नाही, ऐकायला बरं वाटलं.'
पाथरवट, मी मनात म्हटलं. मोठ्यानं नाही.
एका दिवसात दोनदा नियम मोडायचा नसतो.
पोरानं मूठ गच्च आवळली होती,
आईनं करंगळी घालून उघडून पाहिली, तर आत
लोकरीचा एक धागा,
शालीचा असावा.

वरच्या पानावर सेप्टिमस
अजून पुरता काळा झाला नव्हता.